कुशीवर झोपणाऱ्या जोडप्यासाठी लॅटेक्सची गादी कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटेक्सच्या गादीबद्दल मिळणारी बरीचशी माहिती एसी लावलेल्या फ्लॅटसाठी लिहिलेली असते. विदर्भातल्या गावात टिनाचं छत असतं, कूलर असतो, दिवाण असतो आणि दर उन्हाळ्यात गादी उन्हात टाकायची रीत असते. या सगळ्याचा गादीच्या निवडीवर आणि आयुष्यावर थेट परिणाम होतो, म्हणून खालची उत्तरं ते धरूनच दिली आहेत.

कुशीवर झोपणाऱ्यांसाठी वेगळा विचार कशाला करायचा?

पाठीवर झोपलं की अंगाचा भार पाठ, कंबर, मांड्या असा पसरतो. कुशीवर झोपलं की तोच भार खांदा आणि खुबा या दोन जागांवर येतो. गादी कडक असली तर खांद्याला आत जायला जागा मिळत नाही. तो मानेकडे ढकलला जातो, खालच्या हाताला मुंग्या येतात आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. गादी फार मऊ असली तर खुबा खोल जातो, कणा मधे वाकतो आणि सकाळी कंबर धरते.

म्हणजे एकाच गादीकडून दोन कामं करून घ्यायची आहेत: वरच्या थराने खांद्याला दीड-दोन इंच आत जाऊ द्यायचं आणि खालच्या थराने खुब्याला तिथेच अडवायचं. लॅटेक्सला हे जमतं, कारण ते जिथे दाब पडतो तिथेच दबतं आणि दाब निघाला की लगेच वर येतं. अर्थात थरांची निवड बरोबर असेल तरच.

लॅटेक्स म्हणजे फोमच ना?

नाही. साधा फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेला. नैसर्गिक लॅटेक्स हा रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळातून येतो. रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टायमलाच आहे. हा चीक घुसळून फेसाळ करतात, साच्यात ओततात आणि गंधक वगैरे घालून उष्णतेवर पक्का करतात. गादीत आरपार दिसणारी बारीक भोकं साच्यातल्या खिळ्यांची असतात. त्यांच्यामुळे उष्णता आतपर्यंत सारखी पोहोचते आणि पुढे हवाही खेळते.

बनवण्याच्या पद्धती दोन. डनलॉप पद्धतीची गादी जड, जरा घट्ट आणि टिकाऊ असते. तलालय पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात करतात, मग गोठवतात, त्यामुळे गादी हलकी, एकसारखी आणि मऊ होते. भारतात बहुतेक माल डनलॉपचाच मिळतो. तलालय महाग पडते आणि कुशीवर झोपणाऱ्यांना तिची फार तर वरच्या २ इंचाच्या थरात गरज भासते. तीही डनलॉपच्या मऊ थराने भागते.

मऊपणा कसा मोजतात? दुकानदार कधी घनता सांगतो, कधी आयएलडी.

घनता म्हणजे एका घनमीटरमागे किती किलो माल. डनलॉप लॅटेक्समध्ये ती साधारण ७५ ते ९५ असते. आयएलडी म्हणजे ठरावीक चकती ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो तो आकडा. हा मऊपणाचा खरा आकडा. ढोबळमानाने १८ ते २२ मऊ, २३ ते २८ मध्यम, २९ ते ३५ घट्ट आणि त्यापुढे कडक. एकाच कारखान्याच्या मालात घनता वाढली की कडकपणाही वाढतो, पण दोन कंपन्यांची तुलना नुसत्या घनतेवर करू नका. आयएलडी मागा. तो ज्याला सांगता येत नाही, त्याला थरांचा हिशोबही सहसा सांगता येत नाही.

आमच्या वजनाला कोणती गादी?

दोघांचंही वजन ६० किलोच्या आत असेल तर वर २ इंच मऊ (आयएलडी २० च्या आसपास) आणि खाली ४ इंच मध्यम (२५ ते २८) पुरे. हलक्या माणसाने एकसंध घट्ट गादी घेतली तर ती दबतच नाही, आणि तक्रार येते की एवढे पैसे घालून जमिनीवर झोपल्यासारखं वाटतं.

६० ते ८० किलोच्या दरम्यान वर २ इंच मऊ ते मध्यम (२२ ते २५), खाली ४ इंच घट्ट (३० ते ३४). बहुतेक जोडपी याच गटात बसतात. ८० च्या पुढे ६ इंचात काम भागत नाही. वर २ इंच मध्यम (२६ ते २८) आणि खाली ६ इंच घट्ट (३४ च्या आसपास) अशी ८ इंची घ्यावी, कारण जड माणसाचा खुबा पातळ गादीतून खालच्या फळीपर्यंत जाऊन टेकतो.

वजनाखेरीज अंगाची ठेवणही बघावी. खांदे रुंद आणि कंबर बारीक असलेल्या माणसाला खांद्याखाली जास्त मऊपणा लागतो. खुबे रुंद असतील तर खालचा थर एक पायरी घट्ट घ्या.

नवऱ्याचं वजन ८५ आणि बायकोचं ५२. एका गादीवर दोघांचं जमेल का?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मधला आकडा धरून एकच गादी घेतली तर नवऱ्याला ती खोल लागते आणि बायकोच्या खांद्याला कडक. वर दोघांच्या मधे उतार तयार होतो आणि हलका माणूस रात्रभर जड माणसाकडे घरंगळत राहतो.

वजनात १५ ते २० किलोंहून जास्त फरक असेल तर सरळ ३६ इंच रुंदीच्या दोन गाद्या घ्याव्यात आणि दोन्हींना एकच चेनवाला खोळ घालावा. दोन्हींची एकूण जाडी सारखी ठेवायची, फक्त आतले थर बदलायचे. वरच्या उदाहरणात दोन्ही ८ इंची घ्यायच्या: नवऱ्याच्या बाजूला २ इंच आयएलडी २७ आणि खाली ६ इंच ३४, बायकोच्या बाजूला २ इंच २० आणि खाली ६ इंच २६.

मधली फट टोचेल ही भीती खोटी नाही. गाद्या सरकल्या की फट पडतेच. एकच खोळ हा त्यावरचा पहिला उपाय. दुसरा म्हणजे खालचा थर अखंड ७२ इंची घ्यायचा आणि फक्त वरचे २ इंच दोन तुकड्यांत ठेवायचे. यात फट जवळजवळ जाणवत नाही, पण वजनातला फरक फार मोठा असेल तर एवढ्याने भागत नाही. लेकरू मधे झोपत असेल तर हा दुसरा प्रकार बरा.

दोन गाद्यांचे आणखी दोन फायदे गावात विशेष कामाचे आहेत. ३६ इंची गादी अरुंद दारातून आणि जिन्यावरून दोन माणसं नेऊ शकतात. आणि पुढे एकाच बाजूचा थर बसला तर तेवढाच बदलता येतो.

एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. लॅटेक्सवर हे थांबतं का?

बरंच कमी होतं. स्प्रिंगच्या गादीपेक्षा हादरा कमी पोहोचतो, मेमरी फोमपेक्षा (अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन अंगाचा आकार घेणारा फोम) थोडा जास्त. पण कूस बदलणं लॅटेक्सवर सोपं जातं, मेमरी फोममध्ये माणूस रुतून बसतो. दोन वेगळ्या गाद्या असतील तर हा प्रश्न जवळपास मिटतोच.

पाठीसाठी 'ऑर्थोपेडिक' कडक गादीच घ्या, असं सगळे सांगतात.

गादीवर 'ऑर्थोपेडिक' लिहिलं म्हणजे ती कुठल्या ठरावीक वैद्यकीय चाचणीतून गेली असं समजू नका. कंपन्या आपापल्या मनाने तो शब्द वापरतात. दिवसभर सोयाबीन सोंगून किंवा कापूस वेचून आलेल्या माणसाची पाठ दुखते म्हणून त्याला फळीसारखी गादी देतात. तो पाठीवर झोपत असेल तर कदाचित निभेल, कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा मात्र त्याने आणखी बिघडतो. कुशीवर झोपणाऱ्याने मध्यम पृष्ठभाग आणि घट्ट पाया हेच सूत्र धरावं. पायात मुंग्या उतरत असतील, पाय बधिर होत असेल किंवा रात्री कळेने जाग येत असेल तर गादी बदलण्याच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दुकानात गादी तपासायची कशी?

हाताने दाबून आणि काठावर बसून काही कळत नाही. दोघांनी मिळून जा, नेहमीच्या पातळ सुती कपड्यांत. आपली उशी सोबत न्या. लाजू नका, उशी बदलली की सगळा अंदाज चुकतो. आपापल्या बाजूला, आपापल्या कुशीवर किमान १५ मिनिटं पडून राहा. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक मऊ गादी छान वाटते. खांद्यावरचा दाब दहा मिनिटांनंतरच कळायला लागतो.

मग एकाने दुसऱ्याचा पाठीमागून मोबाइलवर फोटो काढायचा. मोबाइल गादीच्या उंचीवर धरा, वरून नको. मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंतची रेघ बघा. ती सरळ आणि आडवी असेल तर गादी बरोबर. रेघ कमरेत खाली वाकली तर गादी मऊ आहे. खांद्याकडचं टोक वर उचललेलं दिसलं तर कडक. आणखी एक खूण: कंबर आणि गादी यांच्या मधे हात सरकवा. तो सहज आरपार गेला तर कंबरेला आधार नाही.

तालुक्याला लॅटेक्स मिळतच नाही. ऑनलाइन मागवावी का?

मागवायला हरकत नाही, पण पैसे भरायच्या आधी चार गोष्टी लेखी घ्या. तुमच्या पिनकोडवर माल घरपोच येतो की जवळच्या शहरातल्या गोडाउनमधून उचलावा लागतो? वापरून पाहण्याची मुदत असेल तर परत न्यायला त्याच पिनकोडवर गाडी येते का? ही खरी मेख आहे. पाठवायला कुरिअर तयार असतो, पण वापरलेली ४४ किलोची गादी गावातून उचलायला कोणी येत नाही. परतीचा खर्च कोणाचा? आणि गादी मऊ किंवा कडक वाटली तर फक्त थर बदलून देतात का? थर बदलून देणारा विक्रेता मिळाला तर त्याला प्राधान्य द्या.

गुंडाळून आलेली गादी आल्या दिवशीच उघडा. लग्नासाठी आधी मागवून ती महिनाभर तशीच गुंडाळून ठेवली तर घडीच्या जागी वळ्या कायमच्या राहू शकतात. उघडताना खोक्याचे आणि गादीवरच्या लेबलचे फोटो काढा, आणि प्लास्टिक कापताना आत कात्री घुसवू नका. लॅटेक्सला चीर पडली की ती ओढाताणीत वाढत जाते.

आत खरंच लॅटेक्स आहे, हे कसं ओळखायचं?

वजन करा. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत मोजून गुणा, ६१,००० ने भागा, म्हणजे घनमीटर मिळतील. त्याला सांगितलेल्या घनतेने गुणा. ७८ × ७२ × ६ इंचाची ८० घनतेची गादी अशी साधारण ४४ किलो भरते, त्याच मापाची ८ इंची ५९ किलो. ४४ किलो हवी तिथे गादी २२-२५ किलोच भरली तर आत साधा फोम आहे. गावात धान्याचा किंवा कापसाचा काटा असतोच, त्यावर गादी चढवायला पाच मिनिटं लागत नाहीत.

नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. खडूची भुकटी वगैरे भरूनही वजन वाढवता येतं. असा माल बोटाने चोळला की भुकटी सुटते आणि दाबून सोडला तर आळसावल्यासारखा सावकाश वर येतो. चांगलं लॅटेक्स लगेच उसळतं. म्हणून खोळाला चेन असलेलीच गादी घ्या आणि उघडून बघा: आरपार बारीक भोकं, पांढुरका ते पिवळसर रंग, थोडा रबराचा वास. चेन उघडू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

शब्दही नीट वाचा. '१०० टक्के लॅटेक्स' यात कारखान्यात बनलेलं सिंथेटिक लॅटेक्स येऊ शकतं. 'नैसर्गिक लॅटेक्स' असं लिहिलं असलं तरी टक्का विचारा. 'लॅटेक्स गादी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्वस्त गाद्यांत वर १ किंवा २ इंच लॅटेक्स आणि खाली फोम असतो. अशी गादी वाईटच असते असं नाही, पण तिचे पैसे तेवढेच द्यावेत. दोन गाद्यांची तुलना करताना किंमत जीएसटीसह धरा आणि लॅटेक्सच्या किलोंनी भागा. कोण महाग आहे ते लगेच दिसतं.

सर्टिफिकेट कोणतं बघावं?

जीओएलएस हे सेंद्रिय लॅटेक्सचं प्रमाणपत्र. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त कच्चं लॅटेक्स प्रमाणित सेंद्रिय असावं लागतं. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० मध्ये घातक रसायनं तपासतात. त्यावरून रबर नैसर्गिक आहे हे सिद्ध होत नाही, तरी दुकानदार तसंच सांगतो. प्रमाणपत्रावर क्रमांक असतो, तो त्या संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो.

माप कोणतं घ्यावं?

दोघंही कुशीवर झोपत असतील तर ७२ इंच रुंदी हवी. गुडघे वाकवले की प्रत्येकाला ३० इंचांहून जास्त जागा लागते आणि ६० इंचात गुडघा आणि पाठ यांची टक्कर ठरलेली. उंची ५ फूट ९ इंचांपुढे असेल तर लांबी ७८ घ्या. पलंगाचं माप आतून घ्या, तेही दोन्ही टोकांना आणि मधे. गावच्या सुताराने केलेला दिवाण दोन टोकांना अर्ध्या-एक इंचाने वेगळा निघतो, आणि कोंबून बसवलेली गादी मधे फुगते.

उंचीचाही हिशोब करा. दिवाण १८ इंच आणि गादी ८ इंच म्हणजे २६ इंच झाले. घरातली म्हातारी माणसं त्यावर बसली तर पाय अधांतरी राहतात.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लॅटेक्स तापत नाही का?

खोली तापली की गादीही तापते. लॅटेक्स थंडावा निर्माण करत नाही. पण भोकांमुळे आणि आतल्या एकमेकींना जोडलेल्या बारीक पोकळ्यांमुळे अंगाची उष्णता साठून राहत नाही, मेमरी फोममध्ये ती साठते. लोडशेडिंगच्या रात्री हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय मेमरी फोम उन्हाळ्यात लोळागोळा आणि डिसेंबरात दगड होतो, लॅटेक्सचा मऊपणा बाराही महिने जवळपास सारखा राहतो. खोळ मात्र सुती घ्या. पॉलिस्टरच्या जाड रजईदार खोळाने लॅटेक्सचा सगळा फायदा जातो.

कूलरचं वेगळं. त्याची हवा ओली असते आणि ती बाहेर जायला वाट नसेल तर ओल खोळात आणि गादीखालच्या फळीवर बसते. लॅटेक्सला सहज बुरशी लागत नाही, पण सुती खोळाला आणि प्लायला लागते. समोरची खिडकी उघडी ठेवा, कूलरचा झोत गादीच्या कडेवर सरळ येऊ देऊ नका, आणि कूलरच्या दिवसांत आठवड्यातून एकदा गादी एका बाजूने उचलून खाली हात फिरवा. ओलसर लागलं तर गादी उभी करून तीन-चार तास पंख्याखाली ठेवा. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पाऊस जास्त असल्याने हेच पावसाळ्यातही करा.

वर्षातून एकदा गादी उन्हात टाकायची ना?

लॅटेक्सची गादी उन्हात कधीच टाकायची नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आईला आणि सासूबाईंना, गादी आल्याच दिवशी सांगून ठेवा. कापसाच्या गादीला ऊन चांगलं: ओल निघते, कापूस फुलतो, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली की ती नवी होते. रबराचं उलट. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रबराच्या साखळ्या तोडतात. आधी पृष्ठभाग गडद पिवळा होतो, मग कडक, मग बोट लावलं की भुरभुर गळतो. एकदा भुरभुरलेलं लॅटेक्स दुरुस्त होत नाही. खिडकीतून रोज गादीच्या एकाच कोपऱ्यावर ऊन येत असेल तर तो कोपरा आधी जातो, तेव्हा पडदा लावा.

टिनाच्या छताखाली दुपारी खोली भट्टीसारखी तापते. ही उष्णताही रबराचं आयुष्य कमी करते. जमेल तर गादी मातीच्या भिंतीच्या किंवा स्लॅबच्या खोलीत ठेवा. नसेल तर टिनाखाली सीलिंग करून घ्या. गादीवर कपड्यांना इस्त्री करू नका.

पाण्याने धुवायचीही नाही. लॅटेक्स पाणी धरून ठेवतं, आतून वाळायला कित्येक दिवस लागतात आणि ओली गादी उचलताना स्वतःच्या भाराने फाटते. मुलाने ओली केली तर कोरड्या कापडाने दाबून पाणी टिपा, सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, सावलीत पंख्याखाली वाळवा. मच्छरची कॉइल आणि उदबत्ती पलंगापासून लांब ठेवा. रबर पेटलं की दाट काळा धूर होतो. मच्छरदाणी सर्वांत उत्तम.

बाजेवर किंवा दिवाणावर चालेल का?

बाजेवर नाही. सुतळी किंवा निवार मधे झोळ धरते आणि लॅटेक्स लवचिक असल्यामुळे त्याच झोळाचा आकार घेतं. लोखंडी पट्ट्यांच्या पलंगावर दोन पट्ट्यांमधलं अंतर अडीच ते तीन इंचांच्या आत हवं. जास्त असेल तर वर १२ मिमी प्लाय टाका. ७२ इंच रुंदीला मधोमध एक आधाराचा पाय लागतोच, कारण गादी आणि दोन माणसं मिळून वजन दोनशे किलोंच्या आसपास जातं.

पेटीच्या दिवाणावर अखंड प्लाय असतो आणि खालची हवा बंद होते. सुताराकडून त्या प्लायला एक इंचाची भोकं ८-८ इंचांवर पाडून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने घासा. पेटीत धान्य किंवा ओलसर गोधड्या भरू नका. धान्याला उंदीर येतात आणि ते लॅटेक्सही कुरतडतात.

फरशीवर थेट टाकली तर खाली ओल धरते. टाकायचीच असेल तर सतरंजीच्या भरवशावर राहू नका, लाकडी पट्ट्यांची चौकट खाली घाला.

ढेकूण झाले तर रॉकेल शिंपडावं का?

अजिबात नको. रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन आणि कुठलंही तेल रबर फुगवतं आणि सैल करतं. ढेकूण लॅटेक्समध्ये क्वचितच घर करतात. ते खोळाच्या शिवणीत, दिवाणाच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भेगांत असतात. खोळ काढून उकळत्या पाण्यात धुवा. गादी बाहेर काढून मगच दिवाणाच्या सांध्यांना औषध मारा आणि ते पूर्ण वाळल्यावर गादी परत ठेवा. डोक्याला खोबरेल लावून झोपत असाल तर उशीखाली जाड सुती कापड घालत चला. लॅटेक्सच्या उशीला तेल लागलं की ती चिकट होते.

एवढे पैसे नाहीत. काही मधला मार्ग?

आहे, आणि बहुतेक घरांना आम्ही आधी तोच सुचवू. घरी काथ्याची चांगली सपाट ४ इंची गादी असेल तर तिच्यावर २ इंच लॅटेक्सचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा सुटा थर, टाका. ७८ × ७२ मापाचा असा टॉपर ८० घनतेला १५ किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे पूर्ण गादीच्या एक तृतीयांश माल. खालची घट्ट काथ्याची गादी खुब्याला अडवते, वरचं लॅटेक्स खांद्याला जागा देतं. वजनं ७५ च्या आत असतील तर कित्येकांना पुढे पूर्ण लॅटेक्सची गरजच उरत नाही.

कापसाच्या गादीवर टॉपर टाकायचा तर आधी ती पिंजून, नव्याने भरून, घट्ट टाके मारून घ्या. गाठी पडलेल्या गादीवर टॉपर टाकला तर गाठी वर जाणवतात. जुना, मधे खोल गेलेला फोम असेल तर टॉपर म्हणजे पैसे पाण्यात.

उशी कशी हवी?

कुशीवर झोपणाऱ्याची अर्धी तक्रार उशीची असते. भिंतीला खांदा टेकवून आडवे उभे राहा, मान सरळ ठेवा, आणि भिंतीपासून डोक्याच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून खांदा गादीत रुततो ते दीड इंच वजा करा. उरलं ती दबलेल्या उशीची उंची. नवरा-बायकोची ही उंची क्वचितच सारखी निघते, तेव्हा जोडीच्या सारख्या उश्या घेऊ नका. दुसरी पातळ उशी दोन गुडघ्यांच्या मधे ठेवली तर वरचा पाय पुढे पडत नाही आणि कमरेला पीळ बसत नाही.

नव्या गादीवर उलट अंग दुखायला लागलं. परत करावी का?

दोन ते तीन आठवडे थांबा. अंगाला जुन्या खड्ड्याची सवय असते आणि नवं लॅटेक्सही वापराने किंचित सैल होतं. तीन आठवड्यांनीही खालचा हात बधिर होत असेल तर वरचा थर मऊ हवा. सकाळी कंबर धरत असेल तर खालचा थर घट्ट हवा. परत करण्याची मुदत कधी संपते ती तारीख मात्र पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रबराची ॲलर्जी असेल तर?

ज्यांना रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगावर पित्त उठतं, सूज येते किंवा धाप लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लॅटेक्स घेऊ नये. नव्या गादीचा वास हा वेगळा विषय आहे. तो हवेशीर खोलीत काही दिवसांत उतरतो.

नेहमीची चादर पुरेल का?

९० × १०० ची पुरत नाही. ६ इंची गादीला दोन्हीकडून खोचायला धरून ९६ × १०२ लागते, ८ इंचीला १०० × १०६. सरळ १०८ × १०८ ची घ्या.

गादीत खड्डा पडला. वॉरंटीत बसतं का?

आधी खड्डा लॅटेक्समध्ये आहे की खोळ सैल झालाय, ते बघा. चेन उघडून चादर-खोळ बाजूला करा. गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि दोरीपासून सर्वांत खोल जागेपर्यंत पट्टीने मोजा. गादीवर कोणी बसलेलं नको. पट्टीचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. बहुतेक वॉरंटीत एक ते दीड इंचांहून जास्त खोली असेल तरच दावा मानतात, त्यामुळे हा आकडा बिलाच्या आधी वाचून घ्यायचा असतो. खाली पलंगाला योग्य आधार नव्हता, गादी उन्हात टाकली, पाण्याने धुतली, या कारणांनी दावा नाकारतात. पलंगाचाही फोटो जोडा.

खड्डा उशिरा पडावा म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. थर वेगवेगळे असतील तर उलटी मात्र करायची नाही. फिरवताना लॅटेक्स चिमटीत धरून ओढू नका, खालून तळहात घालून उचला.

विक्रेता दाद देत नसेल तर पक्कं जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड, फोटो आणि झालेला पत्रव्यवहार एकत्र ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्याने झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कंपनी बंगळुरूची असली तरी तिकडे जावं लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करायचा आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या गादीसाठी यातलं बरंचसं सिद्ध करणं अवघड जातं.